रिकाम्या जागेवरची रेघ

मामांशी माझी ओळख खोटे बोलण्यातून झाली. १९९६ साल असावे, मी दहा वर्षांचा होतो. आमची वस्ती घोडेगावच्या शिवारात, गावापासून दीडेक किलोमीटर आत. भर दुपारी सायकलवरून एक माणूस आला. खांद्याला खाकी पिशवी. चुलत्याने आतूनच मला खुणावले, ‘सांग, घरी कोणी नाही.’ मी ओट्यावर येऊन तसे सांगितले. त्या माणसाने सायकल लिंबाला टेकवली, दारातल्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाला, “चार जोड दिसतात की रं. माणसं अनवाणीच गेली का?”

मला काही सुचेना. त्याने पाणी मागितले. आई तांब्या घेऊन बाहेर आली, आणि बोलता बोलता तो तिच्या माहेरच्या गावचा निघाला. मग चुलत्याला बाहेर यावेच लागले. विहिरीच्या वाटणीचा दावा होता. समन्सवर सही झाली. कोर्टाचा बेलिफ त्या दिवसापासून आमच्या घरात ‘मामा’ झाला.

मामांचे नाव मी इथे लिहीत नाही. जन्मभर दुसऱ्यांची नावे घेऊन दारोदार फिरलो, आता माझे नाव कशाला, असेच ते म्हणतील. त्यांचे माझ्यावर जे ऋण आहे ते मला फार उशिरा कळले. त्यातले थोडे रुपयांत मोजता येते, आणि नेमके तेवढेही मला फेडता आलेले नाही.

त्या वयात मला मामांच्या नोकरीची लाज वाटायची. आमच्याकडे बेलिफ म्हणजे अपशकुन. सुतक असलेल्या घराबद्दल कुजबुजणार नाहीत इतकी माणसे बेलिफ येऊन गेलेल्या घराबद्दल कुजबुजत. मामांना त्याचे काही वाटत नसे. उलट ते गमती सांगत. शनिशिंगणापूर आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर. तिथल्या घरांना दारे नसतात हे साऱ्या जगाला माहीत आहे. मामा म्हणायचे, “कायदा सांगतो, माणूस सापडला नाही तर समन्स घराच्या दाराला चिकटवा. शिंगणापुरात दार आणायचं कुठून? पण कायदा करणारा हुशार. त्यानं पुढं लिहून ठेवलंय, दार किंवा घराचा दिसेल असा कुठलाही भाग. मग मी चौकटीला चिकटवायचो.” आम्ही पोरे हसायचो. चौकटीला चिकटलेल्या कागदात काय लिहिलेले असते, हे त्यांना कधी विचारले नाही.

ते विचारले असते तर २०१० मध्ये मी तशी सही केली नसती.

तेव्हा मी चाकणला एका कारखान्यात कामाला होतो. सुट्टीवर आलो की आतेभाऊ भेटायचा. त्याला दोन म्हशी घ्यायच्या होत्या. घोडेगावचा म्हशींचा बाजार लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे. मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी, सगळी जनावरे तिथे उतरतात. आतेभावाने दुसऱ्या वेताच्या दोन म्हशी हेरून ठेवल्या होत्या, दलालाशी बोलणे झाले होते आणि बँक नव्वद हजार रुपये द्यायला तयार होती. फक्त पगारदार जामीनदार हवा होता. बाजाराच्या कडेला, मोटारसायकलच्या टाकीवर कागद ठेवून मी सह्या केल्या. सात की आठ. फॉर्म कोरे होते. रकमेची जागा रिकामी, तारखेची जागा रिकामी. “साहेब भरून घेतील,” आतेभाऊ म्हणाला. म्हशीचे दात आम्ही दोघांनी दोनदा तपासले होते, कास चाचपली होती, समोर उभे राहून धार काढून घेतली होती. कागदाची एक ओळ वाचली नाही. चहा प्यालो आणि संध्याकाळच्या गाडीने चाकणला गेलो.

पुढचे सगळे माझ्या पाठीमागे घडले. २०१२ चा पाऊस गेला, २०१३ चा उन्हाळा नगर जिल्ह्याने चारा छावण्यांत काढला. आतेभावाने आधी एक म्हैस विकली, मग दुसरी. ज्या बाजारातून आणल्या त्याच बाजारात, निम्म्याहून कमी भावाने. हप्ते थांबले. मला त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. २०१७ ची कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा आपलेही त्यात गेले असणार असे तो धरून चालला. यादी बघायला तो गेला नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, मार्च २०१६ मध्ये गेले. त्यानंतर मी नोकरी सोडून गावी आलो. घोडेगावच्या कांद्याच्या आवारात माल आणायला-न्यायला गाड्या लागतात; आपलीच एक पिकअप घ्यावी असे ठरवले. जून २०१९ मध्ये कर्जासाठी अर्ज केला. चार दिवसांनी कर्जाच्या ऑफिसातला पोरगा म्हणाला, “तुमचं सिबिल खराब आहे.” मी म्हणालो, मी आयुष्यात कर्ज घेतलेले नाही, खराब कुठून होईल? त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. तीनशे ते नऊशेच्या मापात माझा आकडा पाचशेच्या आसपास अडकलेला होता. खाली एकच खाते होते. भूमिका : जामीनदार. शेरा : दावा दाखल. मला ते दोन शब्द नीट वाचताही आले नाहीत. मी त्याच्याशी भांडलो. हे कुणीतरी माझ्या आधारकार्डावर केले आहे, असे आवारात चार लोकांना सांगितलेसुद्धा. खरे सांगायचे तर बँकेचे नाव वाचल्याबरोबर मोटारसायकलची टाकी माझ्या डोळ्यांपुढे आली होती. तरी मी फसवणुकीचीच गोष्ट सांगत राहिलो.

बँकेत गेलो तर उत्तर मिळाले, “आता आमच्या हातात नाही, कोर्टाचा निकाल झालाय.” कसला निकाल, कधीचा, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता.

त्या संध्याकाळी मी मामांकडे गेलो. ते निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती. घोडेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन खोल्यांचे घर, बाहेर ओटा. मी तावातावाने सगळे सांगितले. मामांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, “कागद बघितलास का?”

“कुठला कागद?”

“मग तुला राग कशाचा आलाय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोबाइलवर कोर्टाच्या संकेतस्थळावर नाव टाकून प्रकरण शोधायला लावले. त्यांना स्वतःला ते यंत्र वापरता येत नव्हते, पण ते आहे हे ठाऊक होते. तालुका नेवासा, पक्षकाराचे नाव, साल. दोन प्रकरणे निघाली. एक २०१४ चा वसुलीचा दावा, डिसेंबर २०१४ मध्ये एकतर्फी निकाली. दुसरी त्याच हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त. ती अजून चालू होती. दरखास्त म्हणजे काय ते मामांनी सांगितले : निकाल लागला म्हणजे पैसे मिळाले असे नाही, ते वसूल करून द्या म्हणून वादी पुन्हा कोर्टात येतो, आणि त्यासाठी त्याला बारा वर्षांची मुदत असते. “पुढचा कागद जप्तीचा,” ते म्हणाले. “तो आणणारा बेलिफ माझ्यासारखा पाणी मागत बसणार नाही.”

नकलेचा अर्ज त्यांनी मला लिहायला लावला. मी म्हणालो, “मामा, तुम्ही लिहा, तुमची सवय आहे.” ते म्हणाले, “नाव तुझं आहे. तू लिही.” पुढच्या वर्षभरात असे पंधरा-वीस अर्ज झाले असतील. एकही त्यांनी लिहून दिला नाही. शेजारी बसायचे, चुकले की बोट ठेवायचे. एका गोष्टीवर मात्र त्यांचा कटाक्ष होता. मजकूर संपला की उरलेल्या रिकाम्या जागेवर तिरपी रेघ मारायची आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एक-एक आडवा छेद द्यायचा. “कोरी जागा सोडायची नाही. तुझ्या कोऱ्या जागेत दुसरा माणूस लिहितो.” हे ते सहज म्हणाले. टोमणा नव्हता, पण मला लागले.

सही-शिक्क्याची नक्कल हातात आली तेव्हा पहिल्यांदा दावा वाचला. आतेभाऊ प्रतिवादी नंबर एक, मी नंबर दोन. मी चिडून मामांना विचारले, पैसे त्याने घेतले, मग बँक आधी त्याच्या मागे का लागली नाही? मामा म्हणाले, १८७२ च्या करार कायद्यापासून हे असेच आहे. कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. “एका जुवाखाली दोन बैल. हाकणारा कुणालाही चाबूक मारू शकतो. जो पळेल असं वाटतं त्यालाच मारतो.” माझी नोकरी बघूनच मला जुवाखाली घेतले होते.

नकलेच्या शेवटी बेलिफाचा अहवाल होता. मामांच्या निवृत्तीनंतर आलेल्या कुणा दुसऱ्याच्या अक्षरात. प्रतिवादी नंबर दोन नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्याचे समजले; त्यांचे वडील घरी हजर होते; त्यांना समन्स वाचून दाखवले, प्रत दिली, डाव्या हाताचा अंगठा घेतला. खाली निळसर डाग. दादांचा अंगठा.

दादांनी समन्स घेतले होते, आणि मला सांगितले नव्हते. आतेभाऊ म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. बहिणीच्या मुलाची अब्रू आणि आपल्या मुलाची नोकरी, या दोन्हींच्या मध्ये तो कागद त्यांनी कुठेतरी घडी करून ठेवला असणार.

यानंतर मी जे केले ते मला लिहायला जड जाते. कोर्टाच्या आवारात सल्ला देणारे पुष्कळ असतात. त्यातल्या एकाने सांगितले, “सोपं आहे. अंगठा वडलांचा नाही म्हणायचं. वडील हयात नाहीत, सिद्ध कोण करणार? एकतर्फी निकाल उठतो.” मी तसा अर्ज टाइप करून घेतला. सहावे वाक्य होते : सदर अंगठा अर्जदाराच्या वडिलांचा नाही. तो कागद घेऊन मी मामांकडे गेलो. शाबासकी मिळेल असे वाटले होते.

मामांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले. सहाव्या वाक्यावर बोट ठेवले आणि विचारले, “हे खरं आहे?”

मी गप्प.

“चाकणला राहत होतो, हे खरं आहे. मला कळलंच नाही, तेही खरं आहे. कळल्यापासून तीस दिवसांत अर्ज करता येतो, जरूर कर. पण हे वाक्य काढ.” थोडे थांबून म्हणाले, “निकाल उठला तर काय होईल? दावा परत पहिल्यापासून. तेव्हा तुझी स्वतःची सही समोर ठेवतील. ती पण नाकारशील?”

ते रागावले असते तर मी वाद घातला असता. त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला सांगितले. मी तो अर्ज घरी नेऊन चुलीत घातला. दहाव्या वर्षी ‘घरी कोणी नाही’ म्हणालो होतो, तेहतिसाव्या वर्षी तेच म्हणायला निघालो होतो.

पुढे कधीतरी वाचनात आले की कोर्टापासून तोंड लपवण्याचा हा रोग आमच्या मुलखाला जुना आहे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. सुरुवात सुप्याला झाली होती. सावकार कोर्टात जात, शेतकरी भीतीने किंवा अज्ञानाने तिकडे फिरकत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामे होत. म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जदाराला समोर बोलवा, रोख्यावरचा आकडा तसाच मानू नका, मागचा सगळा हिशेब तपासा, असे त्या कायद्याने न्यायाधीशांना बजावले. माझ्या आजोबांच्या आजोबांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला होता, कारण ते कोर्टात जात नव्हते. मी तर मोबाइलवर सगळे दिसत असतानाही गेलो नव्हतो.

निकाल उठवण्याचा अर्ज मी शेवटी केलाच नाही. पैसे भरायचे ठरवले. तेव्हा मामा एकदा सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, “दादांची ट्रंक बघ. काही भरलं असेल त्यांनी.”

ट्रंकेत सातबाऱ्याचे उतारे, रेशनकार्ड, आणि खताच्या पिशवीच्या प्लास्टिकात गुंडाळलेले ते समन्स. त्याच्या घडीत बँकेच्या चौदा पावत्या. जानेवारी २०१५ ते फेब्रुवारी २०१६, दर महिन्याला पाचशे रुपये. मी ती रात्र ट्रंकेपाशीच बसून काढली. दादांना वाचता येत नव्हते. दर महिन्याला पाचशे रुपये त्यांनी कशातून काढले असतील याचा हिशेब मला लागेना. ती दोन्ही वर्षे कोरडी गेली होती. बारा पावत्यांवर त्यांचा अंगठा होता. शेवटच्या दोन पावत्यांवर अंगठ्याऐवजी कुणाची तरी घाईत केलेली सही होती. ती बँकेतल्या कुणाची असेल असे समजून मी पुढे गेलो.

बँकेच्या मागणीत हे सात हजार कुठेच धरलेले नव्हते. कर्ज बुडीत खात्यात टाकल्यावर ते कुठल्यातरी वेगळ्या खात्यात जाऊन पडले होते. मामा म्हणाले, हुकूमनामा झाल्यावर कोर्टाबाहेर भरलेले पैसे कोर्टाच्या कागदावर आणावे लागतात, नाहीतर कोर्टाच्या लेखी ते भरलेलेच नाहीत. पावत्या पक्का पुरावा आहे, त्याच्या नकला दरखास्तीत दाखल कर. केल्या. सात हजार वजा झाले. रक्कम तशी किरकोळ, पण न्यायाधीशांनी दादांच्या पावत्या एकेक करून उलटल्या तेव्हा मी उभ्या उभ्या रडलो. पट्टेवाला माझ्याकडे बघत होता.

डिसेंबर २०१९ च्या लोकअदालतीत बँकेने तडजोड मांडली : नव्वद हजार द्या, बाकी सोडतो. मी ‘हो’ म्हणणारच होतो. बाहेरच्या बाकावर बँकेचीच एक तरुण कारकून मुलगी बसली होती. ती हळूच म्हणाली, “काका, सूट घेतली तर रिपोर्टात ‘सेटल्ड’ येईल. पूर्ण भरले तर ‘क्लोज्ड’. पुढचा कर्ज देणारा ‘सेटल्ड’ बघून मागे सरतो.” मी मामांकडे पाहिले. ते म्हणाले, “यातलं मला काही कळत नाही. तिला नीट विचार.” आणि सत्तरीकडे झुकलेला तो माणूस त्या पोरीसमोर बसून तिचे म्हणणे ऐकू लागला. मध्येमध्ये ‘म्हणजे कसं?’ असे विचारत होता. मी सिबिलचा अहवाल मागवायला पैसे मोजले होते. वर्षातून एकदा तो फुकट मिळायचा नियम २०१७ पासून आहे, हेही तिनेच सांगितले. आणि असे अहवाल ठेवणाऱ्या एक नाही, चार कंपन्या आहेत, एकीकडे दुरुस्त झाले म्हणजे सगळीकडे झाले असे समजू नका, हेही.

पूर्ण रक्कम म्हणजे एक लाख त्रेचाळीस हजार. त्रेपन्न हजार रुपये मी एका शब्दासाठी जास्त भरले. त्यात तत्त्वाचा भाग किती आणि पिकअपच्या ओढीचा किती, ते मला सांगता येत नाही. पैसे कांद्याने दिले. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाने बहुतेकांचा कांदा सडला होता. माझा एक एकर उंचवट्यावर होता म्हणून वाचला, आणि डिसेंबरात घोडेगावच्या आवाराने कधी न पाहिलेला भाव निघाला. शेजाऱ्यांच्या नुकसानीवर माझे देणे फिटले, असेही म्हणता येईल. बँकेने कोर्टात पूर्ण वसुलीची पुरसीस, म्हणजे लेखी कबुली, दिली. दरखास्त निकाली निघाली.

मला वाटले, झाले. पण मार्चमध्ये अहवाल काढला तर खाते जिथल्या तिथे, दावा दाखल. मामा म्हणाले, “कोर्टानं निकाल दिला म्हणून गावात दवंडी पिटत नाहीत. ज्याला हवं त्यानं नक्कल घेऊन फिरायचं.” तक्रार टाकली. अहवाल ठेवणारी कंपनी स्वतः एक अक्षर बदलत नाही; ती बँकेला विचारते, बँक ‘हो’ म्हणेल तेव्हाच बदल होतो. तेवढ्यात टाळेबंदी आली. मी दर पंधरा दिवसांनी पत्र लिहीत होतो, पुरसिशीची नक्कल जोडत होतो, खाली रेघ मारत होतो. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम २०२४ मध्ये लागू झाला. तेव्हा नुसती चिकाटी होती, आणि बँकिंग लोकपालाकडे जाईन असे सभ्य भाषेत लिहिलेले एक वाक्य. ते वाक्यही मामांनी तीनदा बदलायला लावले. धमकी वाटता कामा नये म्हणून. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘क्लोज्ड’ दिसले. जुन्या थकबाकीच्या खुणा त्याखाली अजून होत्या. त्या लगेच जात नाहीत. पिकअप आणखी दीड वर्षाने आली.

आतेभावाने मला आजवर बारा हजार रुपये दिले आहेत. जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क असतो, तीन वर्षांत दावा कर, अशी आठवण मामांनी मला दोनदा करून दिली. मी केला नाही. त्याला मनाचा मोठेपणा म्हणू नये. आत्या हयात आहे, आणि तिच्या दारात बेलिफ पाठवायचा माझा धीर झाला नाही, इतकेच.

‘क्लोज्ड’ दिसले त्या आठवड्यात पेढे घेऊन मामांकडे गेलो. त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखत होते. म्हणाले, बाजारात चाललाच आहेस तर माझे एवढे दोन हजार भरून ये, स्लिप लिहून ठेवली आहे. मी ती खिशात घातली. बँकेच्या रांगेत उभा राहून नोटा मोजताना बाहेर काढली. ‘अक्षरी रुपये दोन हजार फक्त.’ पुढे उरलेल्या जागेत तिरपी रेघ, दोन्ही टोकांना एक-एक आडवा छेद. खाली घाईत केलेली सही.

पैसे भरले आणि आधी घरी गेलो. ट्रंक उघडली. चौदाही पावत्यांवर ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ आणि पुढे तीच रेघ. शेवटच्या दोनांवरची सहीही तीच. जानेवारी आणि फेब्रुवारी २०१६. ते दोन्ही महिने दादा नगरला दवाखान्यात होते, शुद्धीतही नसायचे.

मी परत गेलो तेव्हा मामा ओट्यावरच होते. त्या दोन पावत्या मी त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी उचलल्या नाहीत.

“दादा बाजाराला यायचे,” ते म्हणाले. “धोतराच्या सोग्यात पाचशे बांधलेले असायचे. मी लिहून द्यायचो, ते अंगठा करायचे. पोराला कळवू नका म्हणाले होते; नोकरी सोडून येईल, म्हणाले. मी शब्द दिला.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. “चुकलंच माझं. तेव्हा तुला एक कार्ड टाकलं असतं तर व्याज एवढं वाढलं नसतं.”

“आणि या दोन?”

“महिना मोडू नये म्हणून.”

मी हजार रुपये काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले. मामांनी पावत्यांची घडी घातली, नोटा त्यात सरकवल्या आणि सगळे माझ्या खिशात परत कोंबले.

“ते पुरसिशीत लागलंय,” ते म्हणाले. “निकाली प्रकरण परत उघडत नसतात.”